सात नंबरचा सांधा

आमच्या क्लबात नव्यानं येणाऱ्या माणसाला ओतिल्का सेयकोरोवाची पहिली ओळख होते ती तिच्या पायांची. जाड करडे मोजे, चौकडीच्या लोकरी सपाता आणि गुडघ्यापासून पुढची सगळी बाई टेबलाखाली. वर आम्ही म्हातारे छोटी इंजिनं पळवत असतो, हाताएवढ्या डोंगरावर झाडं लावत असतो, एकमेकांची उणीदुणी काढत असतो. खाली ती उताणी पडून तारा जोडत असते. मधूनच सोल्डरचा धूर वर येतो, मग एक हात बाहेर येतो आणि आवाज येतो, "निळी दे." ज्याच्या जवळ निळ्या तारेचं रीळ असेल त्यानं ते निमूट हातात ठेवायचं. कशाला, असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा तिनं पाऊण तास समजावून सांगितलं होतं.

उताणं पडायला तिनं इस्त्रीच्या जुन्या फळीला बाबागाडीची चार चाकं बसवली आहेत. फळी सासूची, बाबागाडी मुलीची. मुलगी ब्र्नोला दातांची डॉक्टर आहे आणि आई या वयात टेबलाखाली घरंगळते हे तिला अजिबात आवडत नाही. ओतिल्का म्हणते, तिनं लोकांच्या तोंडात डोकं घालावं, मी टेबलाखाली घालते.

आमचा क्लब म्हणजे कालेनोव स्टेशनवरची जुनी सामानाची खोली. त्या खोलीत आम्ही आमचंच स्टेशन उभं केलं आहे, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली होतं तसं, एकशेवीसपट लहान. नऊ मीटर लांब, त्रेचाळीस सांधे. गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते ती सांध्यावर. दोन टोकदार पाती एका बाजूला सरकली की एक वाट, दुसऱ्या बाजूला सरकली की दुसरी. खऱ्या स्टेशनात ही पाती केबिनमधला माणूस खटका ओढून सरकवायचा. आमच्या स्टेशनात प्रत्येक सांध्याच्या खाली काड्यापेटीएवढी मोटर आहे. तिच्यातून एक लवचीक पोलादी तार फळीच्या भोकातून वर येते आणि पात्यांना ढकलते. एका सांध्याला सहा तारा लागतात. त्रेचाळीस सांध्यांना किती ते तुम्हीच करा, मी पोस्टमन होतो, माझं गणित तिकिटांपुरतं.

या सगळ्या तारा ओतिल्कानं ओढल्या आहेत. एकतीस वर्षं ती इथल्या कारखान्यात टेलिफोन एक्स्चेंजच्या तारांच्या जुड्या बांधायची. तिथली सवय अशी की जुडी मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायची, दर बोटभर अंतरावर एक गाठ, आणि प्रत्येक गाठ अशी की एक सुटली तरी शेजारची सुटू नये. आमचे अध्यक्ष एव्झेन कुबाट यांनी एकदा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची पिशवी आणून दिली, काम लवकर होईल म्हणून. ती पिशवी तिनं टोमॅटोची रोपं बांधायला घरी नेली. कधी टेबलाखाली वाकून बघितलंत तर कळेल. वर आमचं स्टेशन जेमतेम बरं दिसतं, पण खालची बाजू एखाद्या नीट विणलेल्या स्वेटरसारखी आहे. गंमत म्हणजे ती बाजू कुणीही बघत नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. मला मात्र वाटतं. मी पाहुण्यांना ओढून खाली वाकवतो.

ती क्लबात आली चौऱ्याण्णव साली. माझ्या बायकोचा केकचा डबा परत करायला म्हणून डोकावली. त्या दिवशी एव्झेननं जोडलेल्या मोटरींपैकी तिसरी जळत होती, खोलीभर वास सुटला होता. तिनं वाकून खाली बघितलं आणि विचारलं, हे कोणी केलंय? एव्झेन म्हणाला, मी. ती म्हणाली, "दिसतंय." पुढच्या मंगळवारी फळी, सपाता आणि स्वतःची सोल्डरिंग गन घेऊन हजर.

गावाला याचं नवल वाटलं, मला सगळ्यात जास्त. कारण एव्झेन अध्यक्ष असलेल्या जागी ओतिल्का पाय ठेवील असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ते का, ते आता सांगतो.

तिचा नवरा आलोइस सेयकोरा दोन नंबरच्या केबिनमध्ये खटके ओढायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे पाऊस पडत होता, लोक कोटाची बटणं उघडी टाकून फिरत होते. पहाटेपर्यंत पारा तीस अंशांनी खाली आला. नळ फुटले, कोंबड्या मेल्या. साडेसहाला कोळशाची मालगाडी आली, तिच्यावर ड्रायव्हर होता एव्झेन. सात नंबरच्या सांध्यावर इंजिन निघून गेलं आणि मागचे दोन डबे रुळावरून उतरून आडवे झाले. कुणाला लागलं नाही. पण चौकशी बसली. आलोइसनं सांगितलं, खटका पूर्ण ओढला होता, खाचेत बसला होता. एव्झेननं सांगितलं, खटका अर्धवट ओढलेला होता. आणि वर एक वाक्य जोडलं, "वर्षाअखेरची रात्र होती, बाकी तुम्हीच समजा."

त्या वाक्यानं घात केला. आलोइसच्या पोटात अल्सर होता, तो बडीशेपेचा चहा प्यायचा. पण समितीतल्या साहेबांना तो चहा कुठून माहीत असणार? फेब्रुवारीत निकालाचं रजिस्टर पत्र आलं आणि ते घरी पोचवणारा पोस्टमन मी होतो. ओतिल्का आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो. तिनं सही केली, पत्र उघडलं नाही, मला म्हणाली, आत ये, पाय गारठले असतील. मी गेलो नाही. ती गोष्ट अजून मला सलते.

आलोइसला केबिनमधून काढलं आणि हातात झाडू दिला. पुढची बारा वर्षं तो हिवाळ्यात त्याच सांध्यांमधला बर्फ काढायचा. वरच्या केबिनमध्ये कोणीतरी दुसरा बसलेला असायचा. एक्क्याण्णव साली तो गेला. शेवटपर्यंत त्याचं तेच म्हणणं होतं, खटका बसला होता.

निकालाचं पत्र आलं त्या वर्षी ओतिल्का एकदाच एव्झेनच्या दारात गेली होती. तिनं एकच विचारलं, तुम्ही खटका पाहिलात का? एव्झेन म्हणाला, खटका पाहायची गरज काय, मी माझे डबे पाहिले. ती परत आली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही, त्याच्याशीही नाही आणि कुणाशीही नाही. एव्झेन वाईट माणूस नाही हे मला इथं सांगायलाच हवं. आलोइसच्या मयताला तो हार घेऊन आला होता. त्याला मनापासून वाटत होतं की आपण खरं तेच बोललो, आणि असं वाटणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही. आमच्या क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. ती दोघं मात्र एकमेकांना 'तुम्ही' म्हणायची. टेबलाखालून हात यायचा आणि जवळ एव्झेन असला की आवाज यायचा, "निळी द्या."

आता आमच्या छोट्या स्टेशनातही दोन नंबरची केबिन आहे. ती मीच केली, खिडक्यांच्या चौकटींसकट. माणसं रंगवायचं कामही माझ्याकडे. सगळीकडे माणसं बसवली, तिकीट खिडकीत, फलाटावर, एक कुत्रासुद्धा. केबिन तेवढी रिकामी. दर वर्षी मी विचारायचो, तिथं कोणाला बसवू? टेबलाखालून उत्तर यायचं, "राहू दे. त्याची ड्युटी अजून लागलेली नाही." एव्झेन ऐकायचा आणि पाइप साफ करत बसायचा.

नव्याण्णव साली आम्ही नवीन पॅनेल केलं. प्रत्येक सांध्याला एक बटण आणि एक हिरवा दिवा. बटण दाबलं की मोटर फिरते, पूर्ण फिरली की तिच्यातल्याच एका पट्टीवरून दिवा लागतो. सगळ्या क्लबांत असंच असतं. ओतिल्काला ते पसंत नव्हतं. तिचं म्हणणं, हा दिवा मोटरनं काय केलं ते सांगतो, पात्यांनी काय केलं ते नाही. मला पात्यांकडून बातमी हवी. त्यासाठी प्रत्येक पात्याखाली वेगळी पितळी पट्टी, आणखी दोन तारा, म्हणजे त्रेचाळीस गुणिले दोन. एव्झेननं हात वर केले. प्रदर्शन सुरू होतं डिसेंबर लागतानाच्या रविवारी, ख्रिसमसच्या तयारीला सुरुवात होते त्या दिवशी. ते दर वर्षीचं ठरलेलं. तेवढा वेळ कुठून आणायचा? मतदान झालं. आम्ही सगळ्यांनी एव्झेनच्या बाजूनं हात वर केले, मीसुद्धा. तिनं काही कुरकुर केली नाही. बेचाळीस सांधे आम्ही सांगितले तसे जोडले. सात नंबरला मात्र हिरव्याशेजारी मसुरीच्या डाळीएवढा एक तांबडा दिवा लावला. मोटर फिरली आणि पातं रुळाला टेकलं नाही, तर तो पेटलेला राहणार. एव्झेन म्हणाला, एका सांध्याला दोन दिवे कशाला, बाई, नाताळ आहे म्हणून? ती म्हणाली, हो, तसंच समजा.

प्रदर्शनाच्या आदल्या बुधवारी मी रुळांमध्ये खडी भरली. आमची खडी म्हणजे रव्याएवढे दगडाचे कण. ते रुळांमध्ये पसरायचे आणि वरून पाण्यात पातळ केलेला गोंद ड्रॉपरनं सोडायचा. सांध्यापाशी हात आखडता घ्यायचा असतो. पात्यांच्या खाली गोंद गेला की ती जागच्या जागी चिकटतात. हे मला माहीत आहे. नवशिक्यांना मीच शिकवतो. पण त्या दिवशी नेमका माझा नातू फोनवर होता, ड्रॉपर दुसऱ्या हातात होता, आणि कुठं जास्त पडलं ते मला कळलंही नाही.

शनिवारी दुपारी रंगीत तालीम. आम्ही आठ जण, टेबलावर बायकोनं दिलेली डुकराची चरबी आणि कांदा लावलेल्या पावाची थाळी. एव्झेननं त्याचं नवं डिझेल इंजिन काढलं. दोन वर्षं खपून हातानं बनवलेलं, अपघाताच्या सकाळी तो चालवत होता हुबेहूब तसंच. त्याच्यामागे कोळशाचे बारा डबे. मुद्दाम त्यानं तसं केलं असेल असं नाही. इंजिन चालकाला आपलं इंजिन प्यारं असतं, बाकी काही त्याच्या लक्षात येत नाही.

पॅनेलवर मी होतो. सात नंबरचं बटण दाबलं, खाली मोटर घुर्रर्र करून थांबली, हिरवा दिवा लागला. मी ओरडून सांगितलं, सात लागला. एव्झेननं गाडी सोडली. इंजिनाची पुढची चाकं पात्यावर गेली, उडाली, आणि इंजिन दोन डब्यांसकट उतारावरून खाली, माझ्या सफरचंदाच्या बागेत.

एव्झेनचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "वेंडा, झोपलास काय रे? बटण दाबलंच नाहीस."

मी म्हटलं दाबलं, दिवा बघ.

"दिव्याचं काय सांगतोस? सांधा लागला नव्हता म्हणजे दाबलं नाहीस." मग तो बाकीच्यांकडे वळला. "दुपारी बिअर घेऊन आलाय, बाकी तुम्हीच समजा."

टेबलाखाली चाकं वाजली. ओतिल्का फळीवरून बाहेर आली आणि तिथंच जमिनीवर उठून बसली. कपाळावर भिंग, केसांत सोल्डरचा एक थेंब. तिला इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही त्याला बटण दाबताना पाहिलंत का?" तिनं विचारलं.

"पाहायचं काय त्यात? माझी गाडी पडलेली पाहिली ना मी."

एव्झेन हे बोलला आणि मध्येच थांबला. त्याला आपलाच आवाज ऐकू आला असावा.

ती म्हणाली, "दुसरा दिवा बघा."

एव्झेन वाकला. हिरवा लागलेला होता आणि त्याच्याशेजारी तो मसुरीएवढा तांबडाही लागलेला होता. तिनं एप्रनला टोचलेली सुई काढून त्याच्या हातात दिली आणि पातं हलवून बघायला सांगितलं. त्यानं हलवलं. हललं नाही. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा हलवलं. पात्याच्या बुडाशी वाळलेला गोंद चकाकत होता. मी म्हटलं, माझा गोंद आहे तो, बुधवारचा. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

"मोटर पूर्ण फिरली," ओतिल्का म्हणाली. "मधली तार वाकली. पातं मध्येच अडकलं, रुळाला टेकलं नाही. वर बसलेल्या माणसाला कसं कळणार? खटका खाचेत बसला, एवढंच त्याला दिसलं."

ती खटका म्हणाली. बटण म्हणाली नाही.

बाहेरच्या खऱ्या रुळांवरून प्रागची गाडी गेली, टेबलावरचे कप थरथरले. एव्झेन बिअरच्या उलट्या क्रेटवर बसला. बराच वेळ सुई बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "आधी पाऊस होता. मग गोठलं. पात्यात बर्फ असेल तर... खटक्याची तार लांब असते, ती ताणली जाते. आणि नंतर माझं इंजिन वरून गेलं. बर्फाचा भुगा झाला असणार, चौकशीवाल्यांना काय दिसणार."

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी घरी होते. तो म्हणायचा, खटका बसला होता."

"मी खटका पाहिला नव्हता, ओतिल्काबाई."

"मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारलं होतं."

एव्झेननं टोपी घेतली आणि निघून गेला. इंजिन सफरचंदाच्या बागेत तसंच पडलेलं. बत्तीस वर्षं इंजिन चालवलेला माणूस आपलं इंजिन असं टाकून गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

सगळे गेल्यावर ती सुईनं गोंद खरवडत बसली आणि मी दिवा धरून उभा राहिलो. माफी मागून झाली, दोनदा. मग मी म्हटलं, नशीब, तुझा तांबडा दिवा होता. ती म्हणाली, गुरुवारीच पेटला होता तो.

मला आधी कळेना. ओतिल्का दोष सापडल्यावर तो दुसऱ्या दिवसावर टाकत नाही. एकदा एका सैल गाठीसाठी ती मध्येच जेवण टाकून परत आली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"गोंद तू ओतलास, वेंडा. मी नाही ओतला. मी फक्त दोन दिवस थांबले." तिनं पातं बोटानं हलवून पाहिलं, ते आता मोकळं झालं होतं. "वीस वर्षं थांबले होते. दोन दिवसांचं काय एवढं."

रविवारी एव्झेन येतो की नाही याची मला धाकधूक होती. तो आला, इस्त्री केलेला गणवेशाचा कोट घालून. खोली खचाखच भरली होती. गरम मसाल्याच्या वाइनचा वास, लहान पोरं बापांच्या खांद्यावर, भिंतीपाशी रेल्वेतून निवृत्त झालेली निम्मी माणसं. दर अर्ध्या तासाला अध्यक्ष माइक घेऊन स्टेशनची माहिती सांगतो, ही आमची रीत. कुठला रूळ कुठं जातो, कुठलं इंजिन कुठल्या सालचं. एव्झेननं मालगाडी सोडली आणि सात नंबरच्या अलीकडे थांबवली.

"या सांध्यावर," तो म्हणाला, "एकोणऐंशीच्या पहिल्या सकाळी माझे दोन डबे पडले. केबिनमध्ये आलोइस सेयकोरा होता. त्यानं खटका पूर्ण ओढला होता. मी सांगितलं की ओढला नव्हता, आणि तो प्यायला असेल असंही सुचवलं. मी खटका पाहिला नव्हता, आणि तो पीत नव्हता. मी ड्रायव्हर एव्झेन कुबाट." मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं. हिरवा लागला, तांबडा विझलेला राहिला. गाडी सात नंबरवरून निघून गेली.

भिंतीपाशी एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी टेबलाखाली पाहिलं. सपाता हलल्या नाहीत, पण धूर यायचा थांबला होता. मग हात बाहेर आला आणि त्यानं काही मागितलं नाही, तो नुसता जमिनीवर पालथा पडून राहिला. मला रडू आलं, आणि मी ते वाइनच्या वाफेवर ढकललं.

एव्झेननं ते त्या दिवशी आठ वेळा सांगितलं, दर अर्ध्या तासाला. पहिल्या वेळी त्याचा आवाज फाटला, चौथ्या वेळी खोकला आला, आठव्या वेळी नीट जमलं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्यानं वरच्या ऑफिसलाही पत्र लिहिलं. तेवढ्या जुन्या चौकशीची फाइल आता नाही, असं उत्तर आलं. म्हणून तो दर वर्षी प्रदर्शनात सांगतो, अजूनही. ती दोघं अजूनही एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात. सगळंच काही जोडून होत नाही, ओतिल्काकडूनसुद्धा.

नाताळाच्या आधीच्या मंगळवारी मी रंगाचा डबा उघडून बसलो होतो. टेबलाखालून आवाज आला, वेंडा, केबिनमध्ये माणूस बसव. मी विचारलं, लागली का ड्युटी? ती म्हणाली, लागली.

तीन दिवस खपून मी आलोइस रंगवला. नखाएवढा माणूस, निळा कोट, तांबूस मिशी, हात खटक्यावर. ती फळीवरून उठली, भिंग डोळ्यांवर ओढलं, आणि त्याला दिव्याखाली धरून इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, मिशी चुकली.

"टोपी मागे सरकव," ती म्हणाली. "कामावर असला की तो कपाळ उघडं ठेवायचा."